पाळणाघराची फी फक्त आईच्या पगारातून का वजा करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळंतपणाची रजा संपत आली की आपल्याकडच्या घरांत एक वजाबाकी मांडली जाते. हिचा पगार एवढा, पाळणाघराचे एवढे, पेट्रोलचे एवढे, वर भांडी घासणाऱ्या बाईचे एवढे. मग उरते काय? त्यापेक्षा घरीच राहिलेली बरी. पाच मिनिटांत उरकलेल्या या हिशेबावर पुढच्या वीस वर्षांचा निर्णय होतो. प्रत्येक आईने कामावर गेलेच पाहिजे असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. घरी राहणे पैशाच्या हिशेबानेही बरोबर ठरते, अशी घरे आहेत. पण हिशेब करायचाच तर पुरता करावा, आणि मूल दोघांचे असताना त्याचा खर्च एकाच्याच पगारावर टाकू नये.

गोव्यात फोंड्याला राहणारी आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी एक बाई धरू. एकूण पगार २४,००० रुपये, त्यात मूळ पगार १५,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापून हातात येतात २२,२००. आता खर्च. पाळणाघर ६,०००, रोजच्या २४ किलोमीटरचे स्कूटरचे पेट्रोल १,३५०, घरकामाच्या बाईचे २,५००, वेळेअभावी विकत आणलेल्या खाण्याचे १,५००, कपडे आणि ऑफिसातल्या वर्गण्या ८००. याखेरीज एक खर्च कोणीच धरत नाही. पाळणाघरात घातलेले मूल पहिले सात-आठ महिने सर्दी-तापाने सारखे आजारी पडते. हक्काची रजा संपलेली असेल, तर महिन्याचे दोन बिनपगारी दिवस म्हणजे सुमारे १,८५० रुपये गेले. बेरीज १४,०००. उरले ८,२००. इथे बहुतेक जण पेन खाली ठेवतात.

पुढचे आकडे पगाराच्या चिठ्ठीत असतात, पण हातात येत नाहीत म्हणून मोजले जात नाहीत. कापले गेलेले १,८०० तिचेच आहेत. मालकही तेवढेच भरतो. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० तिच्या पीएफमध्ये. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, दर महिन्याला साधारण ७२० रुपयांनी वाढत असते. हे सगळे धरले तर ८,२०० चे १२,५०० होतात. आता उलट बाजूही मांडू. नवऱ्याचा पगार २२,००० असेल आणि बाई घरी राहिली, तर वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत राहते आणि गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. ती कामावर गेली तर दोघांचे मिळून ते मर्यादेबाहेर जाते. म्हणजे खरा फरक ११,००० च्या घरात. हे ८,२०० पेक्षा जास्त आहेत, पण डोळे दिपावेत एवढेही नाहीत. बाईवर दुसऱ्या पगाराचा वेगळा करबोजा मात्र नाही. आपल्याकडे पगारावर ज्याचा त्याचा कर लागतो, त्यामुळे २४,००० च्या पगारावर काहीही बसत नाही. परदेशात दोघांचे उत्पन्न एकत्र धरून दुसऱ्या पगारावर चढा कर लावणाऱ्या देशांतले सल्ले इथे लागू करू नयेत.

एका महिन्याच्या वजाबाकीत न दिसणारी गोष्ट म्हणजे वाढ. वर्षाला ६ टक्के धरले तरी २४,००० चा पगार पाच वर्षांनी ३२,००० च्या आसपास जातो. पाच वर्षे घरी राहून परतणाऱ्या बाईला तिच्या जुन्या पगारावर घेतले तरी नशीब म्हणायचे. बहुतेक ठिकाणी २१-२२ हजारांपासून सुरुवात होते. तिथून पुढे महिन्याला १०,००० ची तूट, आणि ती निवृत्तीपर्यंत संपत नाही. पाळणाघराचा पुरा खर्च चार-पाच वर्षांचा असतो. पगारातली ही दरी त्याहून किती तरी लांब टिकते.

तरीही नोकरी सोडायची असे ठरलेच, तर कधी सोडायची ते कॅलेंडर आणि नेमणूकपत्र समोर ठेवून ठरवावे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षे सेवा लागते. साडेचार वर्षांवर राजीनामा दिला तर शून्य; पाच पुरी केली तर १५,००० मूळ पगारावर पंधरा भागिले सव्वीस, गुणिले पाच, म्हणजे ४३,२६९ रुपये. बाळंतपणाची पगारी रजा सलग सेवेत धरली जाते, हे कित्येकींना ठाऊकच नसते. पेन्शनला दहा वर्षे लागतात. १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेत दहा वर्षांची सेवा असेल, तर ५८ व्या वर्षापासून महिना २,१४३ रुपये. रक्कम लहान, पण मरेपर्यंतची. दहा वर्षे भरली नसतील तर पेन्शनच्या १०-सी अर्जात पैसे काढून न घेता योजना प्रमाणपत्र मागावे. त्याने झालेली वर्षे शाबूत राहतात आणि पुढे दुसरीकडे नोकरी लागली की त्यांना जोडली जातात. पैसे काढले की ती वर्षे गेली. पीएफची मुख्य रक्कमही शक्यतो काढू नये. नोकरी सुटली तरी तिच्यावर व्याज चालू राहते. पाच वर्षांच्या सेवेआधी काढली तर ती करपात्र होते, ते आणखी वेगळेच. घरी बसल्यावर पहिल्या सहा महिन्यांत पीएफ काढून फ्रीज किंवा बाइक घेतली जाते, तिथे बाईची दहा वर्षे खर्ची पडतात.

आता रजेच्या कागदांबद्दल. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात. मागच्या बारा महिन्यांत त्याच आस्थापनेत ८० दिवस काम झालेले असावे लागते. दहा किंवा जास्त माणसांच्या दुकानालाही ते लागू आहे. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ या उत्तराला अर्थ नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर रजेचे पैसे मालक नव्हे, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) देते. तिथे अट आहे आधीच्या एक किंवा दोन अंशदान-काळांत (हे सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून ७० दिवसांच्या भरणीची, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न वापरता नवा काढतो, दिवस दोन खात्यांत विभागले जातात, आणि रजेच्या ऐन वेळी कळते की एकाही खात्यात ७० भरत नाहीत. म्हणून दिवस राहिल्याचे कळले त्याच महिन्यात आपली भरणी ऑनलाइन पाहावी आणि दोन क्रमांक असतील तर एकत्र करून घ्यावेत. सातव्या महिन्यात ही धावपळ होत नाही. रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. रजा चालू असताना कामावरून काढता येत नाही. काढलेच तर पाटो-पणजीच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे दाद मागता येते. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची मुभा उभयपक्षी ठरवायची तरतूदही कायद्यात आहे. ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

सरकारी नोकरीतल्या बाईचा प्रश्न वेगळा. १८० दिवसांची प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा; त्यातली पहिली ३६५ दिवस पूर्ण पगारी, उरलेली ८० टक्के पगारावर. तिला वजाबाकी मांडावीच लागत नाही. सरकारी नोकरीसाठी गोव्यात एवढी धडपड का होते, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

कामावर परतायचे ठरले तर तयारी रजा संपायच्या तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. पाळणाघरात पहिल्या दिवशी एक तास, मग जेवण होईपर्यंत, मग दुपारच्या झोपेसकट. पहिल्याच दिवशी नऊ तास ठेवले तर मूल खात नाही, दूध घेत नाही आणि चौथ्या दिवशी आईला वाटते की आपले चुकले. अंगावरचे दूध काढून ठेवायचे असेल तर वाटी-चमच्याने पाजायचा सराव दुसऱ्या कोणी तरी करावा, कारण आई समोर असताना मूल वाटीला तोंड लावत नाही. काढलेले दूध साधारण २५ अंशांत चार तास टिकते. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढ्यावर विसंबू नये, लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. तिथे ते चार दिवस चालते. गॅसवर तापवू नये, कोमट पाण्यात भांडे धरावे, आणि एकदा कोमट केलेले दोन तासांत संपवावे किंवा ओतून द्यावे. नेताना बर्फाच्या पिशवीसह न्यावे.

पाळणाघर पाहायला जाताना खेळणी आणि भिंतीवरची चित्रे नंतर पाहावीत. आधी घराभोवती एक चक्कर मारावी. जुन्या घरांत आवारात विहीर असते. तिच्यावर घट्ट जाळी आहे का? मागचे दार उघडले की थेट चिऱ्याच्या पायऱ्या आहेत का? न्हाणीत पाण्याने भरलेल्या बादल्या उघड्या आहेत का? मग आतले प्रश्न. दोन वर्षांखालची मुले किती आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या बाया किती. चार-पाच तान्ह्यांमागे एक बाई नसेल तर पुढे विचारूच नये. ताप आला तर किती वेळात फोन येतो? लिहून दिलेल्या मापाशिवाय औषध देतात का? वीज गेली की पंख्याचे काय? शनिवारी किती वाजेपर्यंत? मे महिन्यात मूल गावी गेले तरी फी द्यायची का? आणि आपल्याकडचा खास प्रश्न चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा: पाळणाघर पाच दिवस बंद, कारखान्याला सुट्टी एक-दोन दिवसांची. उरलेल्या दिवसांची सोय जूनमध्येच ठरवलेली बरी. ऑगस्टमध्ये सगळ्यांना एकदम रजा हवी असते.

‘मूल शाळेत जायला लागले की सुटलो’ हाही एक गैरसमज. आपल्या बहुतेक प्राथमिक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी एक-दीडला सुटतात. अंगणवाडीही दुपारपर्यंतच. जनरल शिफ्टची आई संध्याकाळी सहाला घरी पोचते. म्हणजे रोजचे साडेचार तास मोकळे, आणि हे मूल दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत. बालरथ, म्हणजे शाळेची बस, मुलाला ठरलेल्या थांब्यावर सोडतो. तिथून पुढे कोण? दुपारच्या शिकवण्यांना जी गर्दी असते, तिच्यातली निदान काही अभ्यासासाठी नसून या साडेचार तासांसाठी असते. तेव्हा पाळणाघराचा खर्च तिसऱ्या वर्षी संपतो असे धरू नये. तो कमी होतो आणि दुपारवर सरकतो.

यावर घरोघरी दोन उत्तरे निघतात. एक आजी. आजी आहे म्हणून पाळणाघर नको, असे म्हणणारी घरे आजीचे वय आणि गुडघे हिशेबात घेत नाहीत. धावायला लागलेल्या मुलामागे साठीच्या बाईने दहा तास पळायचे, आणि ते फुकट. दुपारी चार तास मदतीला एक मुलगी ठेवली तर आजी वर्षानुवर्षे आनंदाने सांभाळते. नाही ठेवली तर आठ-दहा महिन्यांत कंबर धरते आणि नोकरी सोडायचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसरे उत्तर शिफ्टचे. एकाची सहा ते दोनची पहिली पाळी आणि दुसऱ्याची जनरल, असे जमले तर पहिल्या पाळीचा माणूस अडीच-तीनपर्यंत घरी पोचतो आणि सोय फक्त मधल्या तास-दीड तासाची करावी लागते. कागदावर हे उत्तम. फिरत्या पाळ्या आल्या की आठवड्यात कोलमडते. म्हणून ठरावीक पाळी लेखी मागावी, आणि ती बाईनेच का मागायची? खासगी नोकरीत बापाला बाळंतपणासाठी कायद्याने एक दिवसही रजा नाही, हे खरे. पण पाळी बदलून मागायला कायदा आडवा येत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असे दिसले. मधली दोनशे मिनिटे कुठल्याच वजाबाकीत येत नाहीत.

घरी राहणे केव्हा बरोबर? मूल अशक्त असेल, वेळेआधी जन्मलेले असेल, जुळी असतील, जायला-यायला रोज तीन तास लागत असतील, जवळपास भरवशाचे पाळणाघरच नसेल, किंवा नोकरी अशी असेल की पीएफ नाही, ईएसआय नाही आणि पगारवाढही नाही. अशा नोकरीत वर मांडलेले झाकलेले आकडे शून्यच असतात. तिथे पाच मिनिटांची वजाबाकीच खरी ठरते. आणि कित्येकींना पहिली दोन-तीन वर्षे मुलाजवळ राहायचेच असते. त्याला हिशेबाचा आधार लागत नाही, फक्त ते परवडवायची तजवीज लागते. मसाले, केक, शिवणकाम यांतून घरबसल्या कमाई होते; पण रांगणारे मूल आणि पेटता गॅस एका वेळी सांभाळता येत नाही, तेव्हा तिथेही दोन-तीन तास मूल सांभाळणारे कोणी तरी लागतेच.

तजवीज म्हणजे काय? राजीनाम्याआधी बिनपगारी रजा लेखी मागावी. मिळाली तर सेवा तुटत नाही. कंपनीचा आरोग्य विमा सेवेच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून त्याआधी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे ना ते पाहावे. तिच्यात ठरलेल्या उपचारांसाठी तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे. बाईच्या पीएफ आणि पेन्शनचे जे ३,६०० रुपये दर महिन्याला साठत होते, तेवढे नवऱ्याच्या पगारातून तिच्या नावच्या पीपीएफ खात्यात पहिल्या तारखेलाच जायला हवेत. ‘उरले तर भरू’ म्हटले की उरत नाहीत. नवऱ्याचा मुदत विमा निदान वार्षिक उत्पन्नाच्या दहा पटींचा असावा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असावा. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा झाल्या. डिचोली, सत्तरी, सांग्यात ट्रकचे हप्ते थकले, तेव्हा ज्या घरात बाईचा लहानसा का होईना पगार होता त्या घरात निदान किराणा आणि शाळेची फी सुटत होती. एकाच कमाईवर घर चालवायचे तर ही जोखीम गृहीत धरूनच चालवावे.

गोव्यातल्या बाईकडे आणखी एक हक्काची गोष्ट आहे, जी वजाबाकीच्या कागदावर कधीच येत नाही. गोव्यात लग्नाच्या सह्या झालेल्या आणि वेगळा करार न केलेल्या जोडप्याची मालमत्ता नागरी कायद्याने समाईक असते, अर्धी-अर्धी. आयकर कायद्यातली तरतूद (१९६१ च्या कायद्यात ती कलम ५अ होती) त्याच धर्तीवर पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफा, घरभाडे, व्याज, दोघांत समान वाटते. तेव्हा नवऱ्याचे दुकान असेल तर घरी बसलेल्या बायकोच्या विवरणपत्रात त्या नफ्याचा अर्धा वाटा येतो. अशांना सोपा आयटीआर-१ चालत नाही आणि अनुसूची ५अ भरावी लागते. पगार मात्र ज्याचा त्याचा राहतो. पण त्या पगारातून घेतलेला फ्लॅट समाईकच. फ्लॅट विकायचा तर बायकोची सही लागते ती काही उपचार म्हणून नव्हे. तिचे पॅन, तिचे बँक खाते आणि लग्नाच्या नोंदीचा दाखला घरात कुठे ठेवला आहे, हे घरी राहायचे ठरवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवे.

राहिला प्रश्न सोयींचा. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा आहे. पण आपल्या वसाहतींत वीस-तीस कामगारांचे छोटे कारखानेही बरेच, आणि त्यांना हा नियम लागू होत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायची वाट मोकळी ठेवलेली आहे. तिचा उपयोग करून औद्योगिक विकास महामंडळाने वेर्णा, कुंडई, बेतोडा अशा मोठ्या वसाहतींत एकेक गाळा यासाठी द्यावा आणि खर्च कारखान्यांनी कामगारांच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यावा. महिला व बालविकास खात्याने केंद्राच्या पाळणा योजनेखाली महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास चालणारी अंगणवाडी-पाळणाघरे वसाहतींजवळच्या गावांत आधी सुरू करावीत. साडेसात तास जनरल शिफ्टला पुरत नाहीत. पण आजी किंवा दुसऱ्या पाळीचा बाप असेल तर पुरतात. वसाहतीतले पाळणाघर मात्र सकाळी साडेपाचला उघडायला हवे. ते नऊला उघडले तर पहिल्या पाळीच्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

आपली विश्वासू,
पगारपत्रके आणि पीएफचे काम पाहणारी एक लेखापाल, फोंडा